अक्काच्या पट्टीवरचा शेंदूर

उन्हाळा लागला की आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, त्या सुरयांच्या विणीची जागा सांगा ना. मी सांगत नाही. पूर्वी सांगत नव्हते ते तोऱ्यापायी. ज्यांच्याखाली सगळे वा वा लिहायचे ते फोटो माझे, जागा माझी, मिरवणारी मी. आता सांगत नाही त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते ग्रुपवर लिहावं असं नाही.

सुरय हा पाण्यावरचा पक्षी. अंग राखाडी-पांढरं, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक आणि शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. त्याचे भाऊबंद समुद्राकाठी असतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुठला आलाय समुद्र? उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा मुलूख हा. पण धरण बांधलं की पाखरांना तेवढं पाणी पुरतं. मुरूमच्या अलीकडं एका धरणाच्या फुगवट्यात एक टेकाड आहे. धरण भरलं की ते चारी बाजूंनी तुटतं आणि टेकाडावरची दहा-पंधरा घरं पाण्याच्या मधोमध उरतात. सगळे त्याला बेटच म्हणतात. दळण, गॅसची टाकी, बाळंतीण, सगळं होडीतून. माझी थोरली बहीण, माझी अक्का, तिथं नांदायला गेली तेव्हा ते बेट नव्हतं, साधं गाव होतं.

धरण झालं, खालचं गाव उठून लांब माळावर गेलं. टेकाडावरच्या घरांना पाणी शिवलं नाही म्हणून ती माणसं राहिली, पण त्यांची रानं बुडाली. बुडाली म्हणजे कायमची नव्हेत, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पाणी जसं ओसरतं तशी ती एकेक करून वर येतात, गाळानं जाड होऊन. तिथं खत लागत नाही, नांगर लागत नाही. ओल आहे तोवर आळी करायची आणि बी टोचायचं. याला गाळपेर म्हणतात. सरकारदरबारी ती जमीन धरणाची, पण बेटावरचा रिवाज वेगळा. ज्याची जुनी पट्टी त्यानंच पेरायची, तिथं दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. मात्र एक साल जरी ती मोकळी पडली तरी शेजारच्यानं आत यायचं, आणि मग त्यावर कुणी भांडायचं नाही. रिवाज कडक होता, म्हणूनच इतकी वर्षं तिथं कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

अक्काची पट्टी होळीच्या आसपास वर यायची. आधी बुडालेल्या विहिरीचा काठ दिसायचा, मग बांध, मग काळीभोर माती. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. भाचा पुण्याकडं कंपनीत. दर दिवाळीला तो म्हणायचा, आई, चल आता. आणि अक्काचं दर दिवाळीला एकच उत्तर, वाळकं कोण लावंल? वाळूक म्हणजे काकडीच्याच जातीचं, पण जाडजूड आणि पिवळसर. पिकलं की घरभर वास सुटतो. अक्काची वाळकं मुरूमच्या बाजारात पाटी खाली टेकायच्या आत संपायची. पण खरं सांगायचं तर वाळूक ही सबब होती. वर्षातले ते दोन-तीन महिने तिला नवऱ्याच्या रानात उभं राहता यायचं, विहिरीच्या काठावर बसून भाकरी खाता यायची. त्या पट्टीच्या जोरावर ती बेटावर टिकून होती. पट्टी गेली की पुण्याला नाही म्हणायला तिच्याकडं काही उरणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, भाच्याला माहीत होतं आणि मलाही चांगलंच माहीत होतं.

मी तुळजापूरला. शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या दुकानात बसते. मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान. हळदीकुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, शेंदूर, ओटीचं सामान. चाळिशी ओलांडल्यावर मला पाखरांचं वेड लागलं. दुर्बीण घेतली, कॅमेरा घेतला. आमचे हे म्हणायचे, जग इथं आईच्या दर्शनाला येतंय आणि ही निघाली बगळ्यांच्या दर्शनाला. मी मनावर घेत नव्हते. अक्काकडं जायला निमित्त लागत नव्हतंच, आणि सुरय मला पहिल्यांदा दिसले ते तिच्याच ओसरीवरून.

मग ते साल आलं. आदल्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं होतं, पाणी उशिरा ओसरलं. होळीच्या सुट्टीला मी गेले तर अक्काची पट्टी नुकतीच उघडी पडली होती, आणि तिच्या मधल्या अंगाला, जिथं गाळ कमी आणि खडी जास्त, तिथं सुरयांनी अंडी घातली होती. घरटं वगैरे नसतं त्यांचं. मातीत अंगापुरता खळगा आणि त्यात अंडी, मातीच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मला तर काय करू आणि काय नको असं झालं. आणि अक्का खुरपं आणि बियांचं गाठोडं घेऊन तिथंच निघाली होती.

मी तिला बांधावरच अडवलं. म्हटलं, यंदा लावू नको. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली, अंडी दाखवली, ही पाखरं आता फार कमी राहिलीत म्हणाले. सगळीकडं गाळपेर, कुत्री, वाळूच्या गाड्या, यांनी जायचं कुठं? वर्गात चालतं तसं माझं भाषण चाललं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, पट्टी मोकळी पडली तर? शेजारची पट्टी तिच्या चुलत दिराची. त्यांचा डोळा होताच. मी म्हटलं, त्याची फिकीर तू करू नको. कुणी आत येणार नाही याचा जिम्मा माझा.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी रांगत होते. अक्कानं शाळा सोडली ती माझ्यापायी. मला कडेवर घेऊन तिनं चूल फुंकली. पुढं माझी शाळा, माझं डी.एड., माझं लग्न, सगळ्यात मी मागायचं आणि तिनं द्यायचं असाच आमचा शिरस्ता. मी पन्नाशीकडं झुकले तरी तो मोडला नव्हता. तो शिरस्ता आहे हे मला दिसतसुद्धा नव्हतं.

"तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दी ह्या साली," ती म्हणाली, आणि गाठोडं तिनं परत कमरेला खोचलं.

आता माझी हुशारी ऐका. कुंपण घातलं असतं तर पाखरं बुजली असती, आणि पाटी लावली असती तर शेरडांनी पाडली असती. मग मला वाटलं, आपल्या माणसाला कशानं थांबवता येतं हे तुळजापूरच्या दुकानदारणीला नाही कळायचं तर कुणाला? पुढच्या रविवारी मी दुकानातला शेंदूर घेऊन गेले. विहिरीच्या काठाचे ढासळलेले दगड पट्टीच्या चारी कोपऱ्यांत उभे केले आणि त्यांना शेंदूर फासला. नुसत्या तेलात कालवला तर उन्हापाण्यात उतरतो, म्हणून शाळेच्या खिडक्यांना लावून उरलेलं व्हार्निश त्यात मिसळलं. काम करायचं तर पक्कं, ही माझी खोड. अक्का म्हणाली, कुणी इचारलं तर देवाचं नाव काय सांगू? मी म्हटलं, कुणी विचारायचं नाही. आणि खरंच कुणी विचारलं नाही.

चुलत दीर आले, दगड बघितला, चप्पल काढून नमस्कार केला आणि गुमान मागं फिरले. मेंढरंवाल्यानं मेंढरं लांबून वळवली. मी आणि अक्का बाभळीखाली बसून तोंडाला पदर लावून हसलो. इतकं हसलो की माझ्या पोटात कळ आली.

त्या उन्हाळ्यात पिल्लं निघाली. दर रविवारी मी मुरूमची एसटी धरायची, पुढं टमटम, मग वाळत आलेल्या चिखलातली पायवाट. नर चोचीत मासा आणून मादीला भरवतो, पिल्लू आईच्या पोटाखालून डोकं बाहेर काढतं, चुकार कावळा आला तर सगळी वसाहत मिळून त्याला पिटाळून लावते. माझ्या फोटोंवर ग्रुपमध्ये नुसती झुंबड. एका जाणत्या माणसानं लिहिलं, स्थानिकांच्या सहभागातून संवर्धन म्हणतात ते हे. मी ते वाक्य अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्थानिक म्हणजे तीच की.

तिला मात्र त्या उन्हाळ्यात हाताला काम नव्हतं. सवयीनं सकाळी उठून पट्टीकडं जायची आणि बांधावर बसून राहायची. बसून बसून तिलाही नाद लागला. मला फोन करून सांगायची, आज एक पिल्लू पाण्यात उतरलं, आज घार आली हुती पर सगळ्यांनी मिळून हाणली तिला. सुरय हा शब्द तिच्या तोंडी बसला नाही. ती म्हणायची, आपली पाखरं. वाळकं तिनं त्या साली दुसऱ्याच्या पाटीतली विकत आणून खाल्ली. मला चिरून देताना म्हणाली, गोडी न्हाय ह्यात. मी दोन फोडी जास्त घेतल्या.

पावसाळा आला, धरण भरलं, पट्टी पाण्याखाली गेली. ते दगड काढून टाकायला हवे होते. हातासरशी होण्यासारखं काम होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. पाखरं उडाली, माझे फोटो झाले, शाळा सुरू झाली, आणि दगड तसेच पाण्यात गेले.

पुढच्या होळीच्या थोडं आधी, एका सुट्टीला मी दुकानात बसले होते. अक्काचे चुलत दीर पायरी चढून आत आले. मला वाटलं देवीला आले असतील, मी चहा मागवला. तर म्हणाले, देवाचे डोळे दाखवा बाई, चांदीचे, जरा मोठे. कुठल्या देवाला म्हणून विचारलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलेच. त्यांनी सांगितलं ते असं. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाणी चढत असताना बेटाची होडी उलटली होती, तेवढं अक्कानं मला फोनवर सांगितलं होतं. आत बायका होत्या, लेकरं होती. पोहता कुणालाच येत नव्हतं. पण एका जागी सगळ्यांचे पाय टेकले, आणि मदत येईतोवर माणसं लेकरं खांद्यावर घेऊन गळाभर पाण्यात उभी राहिली. एकही जीव गेला नाही. आता पाणी ओसरलं आणि बरोबर त्याच जागी, अक्काच्या पट्टीत, शेंदराचा दगड वर आला.

"पाऊसभर, थंडीभर पाण्यात ऱ्हाऊन शेंदराचा कण हालला न्हाय, बाई," ते म्हणाले. "तुमच्या अक्काच्या रानात जागृत देव हाय."

तीन दगड पाण्यानं पाडले होते, एकच उभा राहिला होता, विहिरीच्या काठाजवळचा. पाय टेकले ते त्या काठावर. हे सगळं मला बसल्या जागी कळलं, आणि मी काय केलं? डोळ्यांचे जोड काढून गल्ल्यावर मांडले. त्यांनी सगळ्यात मोठे निवडले. मी ते कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिले. गिऱ्हाईकं उभी होती, आमचे हे शेजारी होते, आणि समोरच्या माणसाचं नातवंड त्या होडीत होतं. पुढं कधीतरी सांगू म्हटलं.

होळीला गेले. दगडाला डोळे लागले होते आणि ते थेट पायवाटेवर रोखलेले होते. भोवती नारळाच्या करवंट्या, दहीभात, केळीची सालं, उदबत्त्यांचे पुडे. अलीकडच्या वस्त्यांवरूनही माणसं येऊ लागली होती. पाखरंही आली होती. त्यांना काय ठाऊक? तीच खडी, तेच खळगे, त्यात पुन्हा अंडी. पण आता कावळा एकटादुकटा नव्हता. नैवेद्याला चटावलेली टोळीच होती, आणि कुत्री. सुरय जीव तोडून ओरडत अंगावर जायचे, कावळे तेवढ्यापुरते उठायचे आणि परत बसायचे. मी बाभळीखाली दुर्बीण लावून बसले. एका कावळ्यानं दहीभात खाल्ला, देवाच्या डोक्यावर चोच पुसली, चार पावलं टाकली आणि अंडं उचललं. मी दुर्बीण खाली ठेवली. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही.

अक्का रिकामा डबा बडवत कावळे हाकलत फिरत होती. दर्शनाला आलेल्या एका बाईनं तिला झापलं, देवाच्या निवदावरचा कावळा हाकलू नाही म्हणून. अक्कानं डबा पदराखाली घेतला.

त्या साली एकही पिल्लू निघालं नाही. आणि वाळूकही लागलं नाही. शेजारच्यानं पट्टी घेतली असती तर रिवाजानं भांडता आलं नसतं, तरी अक्कानं पुढच्या साली चार माणसं बसवून हात जोडून मागून घेतली असती. देवाकडून कशी मागणार? मी तिला म्हटलं, कडेकडेनं तरी लाव. ती म्हणाली, त्याच्या तोंडावर खुरपं कसं चालवू? माझा तोल गेला. म्हटलं, अक्का, कुठला देव घेऊन बसलीस, व्हार्निश लावलंय मी त्याला.

"मला ठाव हाय," अक्का म्हणाली. "त्यांला न्हाय ना."

मग मी ठरवलं, चारचौघांत सांगून मोकळं व्हायचं. दगडाभोवती ओटा बांधायचं निघालं होतं. पाया खणायच्या दिवशी सगळं बेट पट्टीत जमलं. चुलत दीर पुढं होते, अक्का बायकांच्या घोळक्यात पाठीमागं. मी उभी राहिले. सांगितलं, हा दगड मी उभा केलाय. पाखरांच्या अंड्यांवर कुणी पाय देऊ नये म्हणून. शेंदूर आमच्या दुकानातला, तो उतरला नाही कारण त्यात व्हार्निश आहे. माझ्या बहिणीची ही पट्टी आहे, ती तिला पेरू द्या. बोलताना मला रडू फुटलं. मला वाटलं, आता दगड येतील अंगावर. यावेत असंच वाटत होतं.

एक म्हातारे पुढं आले. होडीत त्यांची सून होती. त्यांनी हात जोडले.

"बाई, शेंदूर तुमच्या हातानं लागला, व्हय," ते म्हणाले. "पर लावायची बुद्धी कुणी दिली?"

माना डोलल्या सगळ्यांच्या. पाखरं हे नुसतं निमित्त. देवाला वर यायचं होतं, त्यानं माझ्याकडून काम करून घेतलं. विज्ञानाची बाई मी, पण ती माणसं खरोखर बुडता बुडता वाचली होती आणि दगड खरोखर तिथं होता. बायकांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. ज्या हातांनी देव उभा केला त्या हातांचा मान म्हणून. एकानं तर व्हार्निशचा डबा कुठला ते नीट विचारून घेतलं, दरसाली लावायला बरं. ओटी भरणाऱ्या बायकांत अक्काही आली. तिनं तांदूळ घातले, माझ्याकडं बघितलं नाही आणि बाजूला झाली. कुणीतरी माझ्या मुस्काटात दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. नारळ मांडीवर घेऊन मी घरी आले.

जूनच्या आधी अक्कानं भाच्याला स्वतःहून फोन केला, न्यायला ये म्हणून. त्यानं मला कळवलं, मावशी, आई तयार झाली, तू काय जादू केलीस? तो खूश होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

ती निघाली त्या दिवशी मी गेले होते. सामान फार नव्हतंच. एक पेटी, गाठोडी, दाजींचा फोटो. पायवाटेनं ओट्यावरून जावं लागलं. अक्का थांबली, देवाला नमस्कार केला, आणि मग थोडं पलीकडं जाऊन विहिरीच्या काठाला हात लावला. मला आवरेना. मी म्हटलं, अक्का, हे सगळं माझ्यामुळं झालं. तिनं डोळे पुसले, तिचे नव्हे, माझे, अगदी लहानपणी पुसायची तसे, पदराच्या टोकानं.

"रडू नगं," ती म्हणाली. "तू हिसकून घेतलंस का? म्या दिलं."

मग तिनं कमरेचं गाठोडं सोडून माझ्या हातात ठेवलं. राखेत घोळलेलं वाळकाचं बी. दोन सालं ह्यानं माती बघितली न्हाय, आता दाखवावी लागंल, न्हाय तर मरंल, असं बजावलं. पुण्याच्या घराला नुसती जाळी लावलेली गॅलरी होती, तिथं काही होणार नव्हतं. गाडीत बसता बसता म्हणाली, पाखरांकडं बघत जा गं. ह्या साली न्हाय जमलं त्यांला, फुडल्या साली जमंल. पाखरंच ती, जागा इसरत न्हाईत.

यंदा मी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून ते बी लावलं. तरारून आलं. वेल कठड्यावर चढलाय, पिवळी फुलं लागलीत. पाणी ओसरल्यावर बेटावरही जाऊन आले. आता ओटा आधी वर येतो, मग बाकीचं रान. त्यावर झेंडे लागलेत, भोंगा आहे, पार्किंगसाठी खडी सपाट केलीय. मी बाभळीखाली दिवसभर बसले. टिटवीसुद्धा नव्हती. दुपार कलल्यावर एकच सुरय आला, ओट्यावर घिरट्या घातल्या, ओरडला आणि धरणाच्या भिंतीच्या दिशेनं निघून गेला. त्यानंतर दोनदा गेले. कुणी आलं नाही.

परवा अक्काचा फोन आला. आधी वेलाची चौकशी. मी खरं ते सांगितलं, फुलं लागली म्हणाले. ती हरखली, पाणी सांजच्याला घाल, उन्हात घालू नगं म्हणाली. पाठीमागं लिफ्टचा आवाज येत होता.

"आन् आपली पाखरं?" तिनं विचारलं. "आली का गं?"

"आली," मी म्हणाले.

"लई?"

"लई. विहिरीच्या काठाजवळ बसलीत."

"मग झालं की," अक्का म्हणाली. "वाया न्हाय गेलं."

फोटो पाठव म्हणाली. मी पहिल्या सालचा काढला, पिल्लू आईच्या पोटाखालून डोकं काढतंय तो, मागं तिची काळी माती आणि बांध. पाठवून दिला. संध्याकाळी भाच्यानं कळवलं, आई बिल्डिंगभर फिरून सगळ्यांना तो फोटो दाखवतेय, आणि पाखरांवर नाही, पाठीमागच्या मातीवर बोट ठेवून सांगतेय, हे आमचं रान.